सूनबाईच्या जागी उशी

माझा आवाज मोठा आहे. घरात कुणाला काही गुपचूप सांगायचं असलं की बायको मला आधी खोलीबाहेर काढते. हा दोष जन्माचा नाही, नोकरीचा आहे. परभणी जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी बरीच वर्षं एक्स-रे काढत होतो. पेशंट टेबलावर, मी शिशाच्या पत्र्याच्या आडोशामागे, मध्ये घुंघुं करणारं जुनं मशीन, आणि मला दिवसभर ओरडायचं, "श्वास घ्या! धरा! सोडा!" दवाखाना कुठल्या गावचा ते सांगत नाही. तिथल्या लोकांना एवढ्यावरूनही कोण बोलतोय ते कळेल.

"सोडा" म्हणायला मी एकदा विसरलो. छातीचा फोटो काढला आणि फिल्म घेऊन थेट अंधाऱ्या खोलीत निघालो. तर आजोबा गाल फुगवून टेबलावरून उतरले, चपला घातल्या आणि माझ्यासमोर येऊन बोटानं स्वतःचं तोंड दाखवू लागले. असे आज्ञाधारक पेशंट पुढं फार मिळाले नाहीत. एक्स-रेला सगळे फोटूच म्हणायचे. फोटू म्हटल्यावर लोक केसांना तेल लावून, धुतलेले कपडे घालून येत. एका बाईनं तर कडेवरचं मूल शेजारी बसवलं आणि मला म्हणाली, ह्याचंबी उलीसं, थोडकं येऊ द्या.

मी हसायचो, पण एका बाबतीत माझं हसू पळायचं. आलेल्या बाईच्या पोटात मूल आहे का, हे विचारल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही, हे माझ्या उस्तादांनी माझ्या डोक्यात पक्कं बसवलं होतं.

उस्ताद म्हणजे ज्यांच्याकडे मी हे काम शिकलो ते म्हातारे गृहस्थ. निजामाच्या काळात ते एका डॉक्टरच्या हाताखाली लागले, तेव्हा फिल्म फार वापरत नसत. पेशंटला अंधारात मशीनसमोर उभं करायचं, त्याच्या छातीपुढं चमकणारा पडदा धरायचा आणि किरण चालू ठेवून आत काय हलतंय ते बघत बसायचं. मशीन नीट चाललंय का, हे तपासायला उस्ताद स्वतःचाच हात मध्ये धरत. दिवसातून कितीदा, आणि किती वर्षं, ते त्यांनाही आठवत नव्हतं. मला भेटले तेव्हा त्यांच्या उजव्या हाताची बोटं काळपट, वाळक्या शेंगांसारखी झाली होती. नखं चिरलेली, आणि एका बोटाचं पेर डॉक्टरांनी काढून टाकलेलं. पहिल्या दिवशी त्यांनी मला पुस्तक दाखवलं नाही, तो हात दाखवला. म्हणाले, "दिखता नै बोले तो हैच नै, ऐसा नक्को समझो." दिसत नाही म्हणजे नाहीच, असं धरून चालू नकोस. ते जेवायला बसले की मी त्यांच्या हाताकडे बघायचं टाळायचो.

त्यांच्याकडून आणि नंतर थोड्याफार पुस्तकांतून मला समजलं ते असं. उजेड कातडीवर थांबतो, हे किरण आरपार जातात. जाता जाता अंगातल्या अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवून लावतात आणि त्यानं पेशीच्या आतली मांडणी विस्कटते. थोडी विस्कटली तर पेशी आपली आपण डागडुजी करते, आणि बहुतेक वेळा नीट करते. फारच विस्कटली तर मरते. एकदम पुष्कळ किरण लागले तर कातडी भाजते, केस जातात, रक्त कमी होतं. थोडे थोडे लागले तर वरून काही दिसत नाही, फक्त एखादी डागडुजी चुकून पुढं कधीतरी कॅन्सर होण्याचा धोका थोडासा वाढतो. आणि ज्या पेशी भराभर वाढत असतात त्यांना हे सगळं लवकर बाधतं. म्हणून पोटातल्या बाळाची काळजी. बाकी बटण सोडलं की किरण संपले. ते अंगात राहत नाहीत आणि कपड्याला चिकटत नाहीत. हे मी हजारदा सांगितलं, तरी काही लोक घरी जाऊन डोक्यावरून अंघोळ करायचेच.

तर एका उन्हाळ्याच्या सुरुवातीला एक धनगर आपल्या सुनेला घेऊन आला. ही माणसं मूळची पालमकडची. पिकं निघाली की मेंढरं घेऊन इकडं यायची आणि देवगाव फाट्याच्या आसपास रानारानांत मेंढरं बसवायची. मेंढरं रात्रभर वावरात बसली की जमिनीला खत मिळतं, म्हणून शेतकरी त्यांना बोलावून घ्यायचे. मेंढरांभोवती जी जाळी लावतात, ती वाघर काढताना सुनेचा पाय अडकला आणि ती हातावर पडली. मनगट भोपळ्यासारखं सुजलं होतं. पोर विशी-बाविशीची, एक शब्द बोलत नव्हती.

दवाखान्यात नेहमीची गर्दी. बाहेरच्या भिंतीवर विद्यापीठाच्या नामांतराच्या बाजूनं आणि विरोधात लिहिलेल्या घोषणा एकमेकींवर चढलेल्या, आणि त्यांच्या सावलीत दोन्ही बाजूंचे लोक केसपेपर घेऊन एकाच रांगेत बसलेले. मी दारात उभा राहिलो आणि माझ्या नेहमीच्या आवाजात विचारलं, "बाई, दिवस गेलेत का?"

सगळी रांग वळून बघू लागली. सासरा पायाच्या अंगठ्याकडं बघू लागला. पोरीनं पदर नाकापर्यंत ओढला आणि मान हलवली, नाही म्हणून.

मी निर्धास्त झालो. गुडघे टेबलाखाली येऊ नयेत म्हणून तिला स्टुलावर कडेला वळवून बसवलं. मनगट फिल्मच्या डब्यावर ठेवलं, मशीनचं तोंड मनगटापुरतंच उघडं ठेवलं. हे सगळं उस्तादांनी शिकवलं होतं तसं. एक गोष्ट केली नाही. पोटावर पांघरायचा शिशाचा अ‍ॅप्रन खिळ्याला टांगलेला होता. तो जड, त्याच्या कडा फाटलेल्या. मनगटाचाच तर फोटो, म्हणून मी तो खाली काढायचा कंटाळा केला.

पोर बाहेर गेली आणि आमच्या वॉर्डातल्या मावशी कमरेवर हात ठेवून आत आल्या. मावशी झाडूपासून बाळंतपणापर्यंत सगळं करायच्या आणि मला घाबरत नसत.

"अवो, असं इचारतेत का सासऱ्याम्होरं?" त्या म्हणाल्या. "चोरचोळी व्हईस्तोवर आमी घरातल्या घरात बोलत न्हाई, आन् तुमी आख्ख्या दवाखान्याला इचारायलाव! ती काय 'व्हय' म्हनंल?"

मी चपापलो. आमच्याकडं पहिले दोन-तीन महिने दिवस गेल्याचं कुणी बोलत नाही, दृष्ट लागते म्हणतात. तिसऱ्या महिन्यात बायका-बायकांत गुपचूप एक चोळी दिली जाते, ती चोरचोळी. त्यानंतरच गोष्ट उघड होते. मला हे माहीत नव्हतं असं नाही. माझ्या स्वतःच्या बायकोला चोरचोळी झाली होती, आणि मलाही तेव्हा तिनं नाही, माझ्या आईनं सांगितलं होतं. एवढं असून मी भर ओपीडीत, सासऱ्यादेखत, परक्या सुनेला असं विचारलं होतं. ह्याला गाढवपणा म्हणतात, दुसरा शब्द मला सापडत नाही.

"पर तिला काही नसंलच," मावशी माझं तोंड बघून म्हणाल्या. मीही तसंच धरून चाललो.

ते दीड महिना टिकलं. प्लॅस्टर काढायला ती आली, तेव्हा सोबत सासूही होती. प्लॅस्टर कापून झालं तरी दोघी हलेनात. सासू आमच्या डॉक्टरीणबाईंच्या टेबलाला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, हिला रिकामी करा." म्हणजे गर्भ पाडा.

डॉक्टरीणबाईंनी मला हाक मारली. तोवर मावशींकडून मला अर्धी गोष्ट कळली होती. पोरीला फोटूच्या वेळी दुसरा महिना होता. लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि पहिल्यांदाच दिवस राहिले होते. चोरचोळी झाली, घरात आनंद झाला. तेवढ्यात रशियात अणुभट्टी फुटल्याची बातमी आली. फाट्यावरच्या हॉटेलात एक शिकलेला माणूस रोज पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचा. त्यानं सांगितलं की ती किरणं बाईच्या पोटातलं लेकरू नासवतात, आणि फोटूच्या मशीनीत तसलीच किरणं असतात. यातलं अर्धं खरं होतं, म्हणूनच खोडायला अवघड.

पोर भिंतीला टेकून उभी होती. नुकताच मोकळा झालेला, बारीक पडलेला हात तिनं पोटावर धरला होता.

"माझ्याच्यानंच झालं," ती म्हणाली. तिचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "ह्येंनी इचारलं व्हतं. मीच न्हाई म्हनले."

मला फार वाईट वाटलं. चूक माझी आणि शिक्षा ती स्वतःला देत होती. मी तिला तसं सांगितलं, आणि नेमकं तेही इतक्या मोठ्यानं की बाहेर लिंबाखाली बसलेला सासरा उठून आत आला.

डॉक्टरीणबाई त्याला शांतपणे म्हणाल्या, "मनगटाच्या फोटोनं पोटातल्या बाळाला काही होत नाही. हिला रिकामी करायचं काही कारणच नाही."

म्हातारा उद्धट नव्हता. हात जोडून म्हणाला, "बाई, तुमी म्हनताव ते आमाला पटायलंय. पर त्या पेपरवाल्यानं छापील दाखवलंय. तुमचं दिसतंय कुठं? डोळ्याला दिसलं तर म्या मान डोलवीन. उद्या अधू लेकरू जल्मलं तर ह्या पोरीलाच समदे नावं ठिवतील."

दिसतंय कुठं? उस्तादांचा हात डोळ्यांपुढं आला. न दिसणाऱ्या गोष्टीची भीती त्यांनी मला बरोबर शिकवली होती. पण ती भीती कुठं थांबवायची, ते दाखवायची वेळ आता माझी होती. मी म्हणालो, "दिसतंय. मी दाखवतो."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं पाहिलं. "खरंच?"

"फिल्मला दिसतं," मी म्हणालो. "आपल्या डोळ्यांना दिसत नाही ते फिल्मला दिसतं. म्हणून तर फोटो निघतो."

आम्ही तयारीला लागलो. माणसाला विनाकारण किरणांसमोर बसवायचं नाही, म्हणून स्टुलावर सूनबाईच्या जागी वॉर्डातली उशी उभी केली. ती पडू नये म्हणून मागं सलाईनच्या दोन बाटल्या लावल्या. हाताच्या जागी रबरी हातमोजा पाण्यानं भरून टेबलावर ठेवला, खाली फिल्मचा डबा. दुसरा डबा उशीच्या पोटाशी टेकवला आणि त्यावर माझ्या कपाटाची किल्ली चिकटपट्टीनं चिकटवली. किरण तिथवर पोचले तर फिल्म काळी पडेल आणि किल्लीची पांढरी सावली उमटेल. मावशींना उशी उघडीवाघडी बरी वाटेना. त्यांनी तिच्यावर एक जुनं लुगडं पांघरलं आणि वरून पदरही काढला. म्हातारा आत आला, उशी बघितली आणि सवयीनं तोंड फिरवून उभा राहिला. सासूला हसू आलं. त्या दिवशी त्या घरातलं ते पहिलं हसू.

मी बटणावर हात ठेवला आणि लाईन गेली.

परभणी जिल्ह्यात उन्हाळ्यात लाईन गेली की ती कधी येईल हे कुणी विचारत नाही. आम्ही सगळे लिंबाखाली जाऊन बसलो. मावशींनी चहा आणला. बोलणं काढावं म्हणून मी म्हाताऱ्याला किरणांचं सांगू लागलो. पेशी, डागडुजी, वाढीच्या पेशींना लवकर का बाधतं, सगळं. शब्द अडखळत होते, कारण माझं ज्ञान पुस्तकी आणि त्याचं कान देऊन ऐकणं फार बारीक.

"म्हंजी कोकराला लवकर बाधतं, जुन्या मेंढराला तेवढं न्हाई," तो म्हणाला.

"अगदी तसंच."

"आन् रशियात?"

"तिथं भट्टीच फुटली. धूळ उडाली. ती धूळच किरण सोडते, रात्रंदिवस, आणि ती पाण्यात जाते, गवतात जाते, दुधात उतरते. आमच्या मशीनमध्ये धूळ नाही. बटण दाबलं की आहे, सोडलं की नाही."

"कंदिलावानी."

"हो. आणि लांब बसलं की झपाट्यानं कमी. शेकोटीपासून दोन हात सरकून बसा, किती फरक पडतो?"

"लय पडतो."

"हिचं पोट मशीनच्या झोतात नव्हतंच. मनगटावरून थोडंफार उडून आलं असेल तेवढंच. तुम्ही दिवसभर रानात बसता ना, तिथं जमिनीतून आणि आभाळातूनही असले किरण अंगाला लागत असतात. आपल्या सगळ्यांना जन्मापासून लागतात. तेवढ्या एका दिवसाच्याहूनही हे कमी."

म्हाताऱ्यानं आभाळाकडं बघितलं, मग बसल्या जागी मातीवर हात फिरवला. "हिच्यातूनबी?" त्याला ते फार आवडलेलं दिसलं नाही. मला वाटलं, चला, आता ह्यानं रानात बसायचं सोडलं तर मेंढरांचं कसं व्हायचं.

दीड-दोन तासांनी पंखे फिरले. मी सगळ्यांना आडोशामागं घेतलं आणि सवयीनं ओरडलो, "श्वास घ्या! धरा!" उशीनं काही केलं नाही, पण आडोशामागं सासू, सासरा, सून आणि मावशी चौघांनीही श्वास धरला. मी बटण दाबलं. त्या दिवसासारखंच, तेवढंच. या वेळी मात्र "सोडा" म्हणायला विसरलो नाही.

अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली मी दोन्ही फिल्मा धुतल्या. खरं सांगतो, मला विज्ञान माहीत होतं, पण अ‍ॅप्रन खिळ्यावरच राहिला होता हेही माहीत होतं. किल्लीची पुसटशी जरी सावली आली असती, तर मी त्या माणसांना काय सांगितलं असतं कोण जाणे. पहिली फिल्म काळी झाली आणि तिच्यात पाण्यानं भरलेला मोजा पाच बोटांसकट उमटला. दुसरी फिल्म काचेसारखी स्वच्छ. किल्ली नाही, काळेपणा नाही, काही नाही. मी त्या ओल्या फिल्मा घेऊन बाहेर आलो तेव्हा नाचायचाच बाकी होतो.

"ही हाताखालची, किरण लागले म्हणून काळी. ही पोटाजवळची. अगदी कणभरही पोचलं नाही असं मी म्हणणार नाही, पण इतकं कमी की फिल्मला कळलंसुद्धा नाही."

सुनेनं फिल्म बघितली. सासूनं बघितली. म्हाताऱ्यानं ती उजेडाकडं धरली, उलटी केली, सुलटी केली, आणि म्हणाला, "साहेब, राग मानू नगा. ही फिलमच मेलेली असंल तर?"

मला राग आला, तो लपवत नाही. दोन तास घामाघूम झालो होतो, लाईन पुन्हा कधी जाईल त्याचा नेम नव्हता. मग लक्षात आलं, म्हाताऱ्याचं बरोबर आहे. शाळेत आणि ट्रेनिंगमध्ये मी कितीतरी प्रयोग वहीत उतरवले होते, पण हा प्रश्न मला एकदाही सुचला नव्हता. जन्मभर मेंढरं हाकणाऱ्या माणसाला तो बसल्या जागी सुचला.

मी त्याच्या देखत त्याच पेटीतली तिसरी फिल्म निवडली. म्हणजे अंधारात तो माझ्या मागे उभा राहिला आणि हात लावून म्हणाला, "ही घ्या." ती डब्यात भरली, डब्यावर तीच किल्ली ठेवली, मशीनचं तोंड थेट त्यावर धरलं आणि तेवढाच वेळ बटण दाबलं. धुतल्यावर फिल्म काळी कुळकुळीत, मधोमध पांढरी किल्ली, दात मोजता येतील इतकी स्पष्ट.

म्हाताऱ्यानं बोटानं किल्लीचे दात मोजले. मग त्यानं डोक्याचं मुंडासं काढलं, तोंड पुसलं आणि सुनेकडं न बघता सासूला म्हणाला, "चल. पोरीला घरी ने. वाघर आता म्या काढीन."

पोर रडायला लागली. मावशीही रडल्या, आणि वर मलाच म्हणाल्या की औषधाचा वास डोळ्याला लागतो. डॉक्टरीणबाईंनी तिचं वजन घेतलं, पुढच्या तपासणीची तारीख लिहून दिली आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. म्हाताऱ्यानं जाताना तिन्ही फिल्मा मागून घेतल्या. हॉटेलातल्या पेपरवाल्याला दाखवायच्या होत्या म्हणे. त्याला काय उत्तर मिळालं, ते मला कधी कळलं नाही.

त्या दिवसानंतर मी तो प्रश्न ओपीडीत विचारायचा बंद केला. मावशी बाईला पडद्याआड नेत, पाळी कधी आली होती ते कानात विचारत आणि मला नुसती मान हलवून सांगत. आणि अ‍ॅप्रन मी खिळ्यावरून कायमचा खाली काढला. वर लिहून-लिहून त्याच्या फाटलेल्या कडा बदलून घेतल्या. लेकीसुना कुणीही येवो, न विचारता आधी अ‍ॅप्रन. दिवाळीच्या सुमारास फाट्याकडून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरनं माझ्या टेबलावर खोबऱ्याची वाटी आणि साखरेची पुडी ठेवली. "एका धनगरानं दिलीय, पोरगी झाली म्हणाला, धडधाकट हाय," एवढंच सांगून तो गाडीकडं पळाला. मी ती साखर कुणाला वाटली नाही, एकट्यानं खाल्ली.

पुढं सहा-सात वर्षं गेली. नामांतर अजून व्हायचंच होतं, भिंतीवर घोषणांचे थर आणखी जाड झाले होते. एका सकाळी रांगेतून पोरीचं भोकाड ऐकू आलं. बघतो तर तोच म्हातारा, आता पार पांढरा झालेला. तीच सून, आणि तिच्या कडेला एक मुलगी, कोपर धरून रडत असलेली. मेंढ्याच्या पाठीवर बसायला गेली आणि त्यानं तिला पाडलं होतं. सुनेनं मला ओळखलं, तिच्या डोळ्यांत हसू आलं. मी मुलीकडं बघत राहिलो. दोन वेण्या, नाकात शेंबूड, दोन्ही डोळे टपोरे. सगळं जागच्या जागी होतं.

मुलगी टेबलावर हात ठेवेना. मी जवळ गेलो की किंचाळायची. तिला कुणीतरी धरून बसणं भाग होतं. मी सवयीप्रमाणे, काही न विचारता, अ‍ॅप्रन उचलला आणि दारात उभ्या असलेल्या तिच्या आईपुढं धरला.

तिनं तो घेतला नाही. सासरा तिच्या शेजारीच उभा होता, मागं अख्खी रांग होती. पदर नाकापर्यंत न ओढता ती माझ्याकडं बघून म्हणाली, "साहेब, ह्या बारीला मला आत न्हाई यायचं. मला दिवस गेलेत."

रांग वळून बघू लागली, त्या दिवसासारखीच. मी घाबरून म्हाताऱ्याकडं बघितलं. त्यानं अंगठ्याकडं बघितलं नाही. खांद्यावरची घोंगडी सुनेच्या हातात दिली आणि माझ्याकडं हात पुढं केला.

"आना ते हिकडं. म्या धरतो पोरीला. जुनं मेंढरू हाय म्या, मला काय बाधतंय."

मी त्याला अ‍ॅप्रन घातला. मागचे पट्टे बांधता बांधता आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या तोंडून हळू आवाज निघाला. म्हाताऱ्याच्या कानाशी वाकून मी विचारलं, "कितवा महिना?"

"दुसराच हाय!" म्हातारा सगळ्या ओपीडीला ऐकू जाईल असा म्हणाला. "चोरचोळीबी व्हायचीय अजून!"